आत्याच्या गळाला हात लावायचा नाही

आत्या म्हणजे सगळ्या मजल्याचीच आत्या. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत आयुष्य गेलं तिचं, त्या राक्षसी इस्त्रीच्या मशीनसमोर, जिथे थंडीतही घामाच्या धारा लागतात. नोकरी संपली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिने बॉम्ब टाकला, "मी समुद्रात मासे पकडायला चाललेय. भाड्याच्या बोटीवर. जागा राखून ठेवलीय माझी."

तिच्या दादाला चहाचा ठसकाच लागला.

आता हा दादा म्हणजे एक प्रकरण. माणूस वाईट नाही हो, पण आत्याच्या आयुष्यात जे जे म्हणून झालं त्या सगळ्यावर याच्या बोटांचे ठसे. लाँड्रीतली नोकरी? "मी शब्द टाकला म्हणून." भाड्याची खोली? "मी सही केली म्हणून." मुलीचं लग्न? "मी उन्हातान्हात धावलो म्हणून." अरे, तिने स्वतःच्या पगारातून शिलाई मशीन आणलं तर म्हणे, "जिन्यावरून वर कुणी चढवलं?" आत्या हसायची. हसून हसून जबडा दुखायला लागला होता बिचारीचा. तिला फक्त एक गोष्ट अशी हवी होती, एकच, की जिच्यात दादाचा हात नाही. एक मासा. बस्स!

"एकटी कशी जाशील, छोटे?" दादा म्हणाला. अठ्ठावन्न वर्षांची छोटी! "मी येतो ना बरोबर."

"ये की. समुद्र काय मी विकत घेतलाय?"

आत्याने बोटीच्या कप्तानबाईंना फोन करून करून सगळं विचारून घेतलं होतं. मऊ तळव्याचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, एकच छोटी पिशवी, मळमळीची गोळी आदल्या रात्रीच. सकाळी धक्क्यावर सगळ्यांच्या आधी हजर. आणि दादा? दादा उगवला तो खिळ्यांचे बूट आपटत, कपाटाएवढा बर्फाचा डबा ओढत, आणि न विचारता थेट बोटीत पाय!

"ओ, खाली," कप्तानबाई म्हणाल्या. उन्हाने रापलेली, मोजकं बोलणारी बाई. "डबा धक्क्यावर ठेवा. बूट काढा. मग विचारा, येऊ का म्हणून."

बोटीवरचे बाकीचे चौघे खाली बघून हसले. दादा नुसत्या मोज्यांवर चढला.

"कुठे थांबायचं ते मी ठरवणार," बाई सगळ्यांना म्हणाल्या. "एकाला उलटी झाली म्हणून बोट मागे फिरणार नाही. आणि मागितल्याशिवाय दुसऱ्याच्या गळाला हात लावायचा नाही. दुसऱ्याचा हात लागला की तो मासा तुमचा राहत नाही. माझ्या बोटीवर हा कायदा आहे."

आत्याच्या अंगावर काटा आला. असा कायदा असतो? घरी का नाही कुणी केला?

किनारा दिसेनासा झाला आणि गोळीबिळी सगळी फुकट! आत्या कठड्याला लटकून आतडी बाहेर येतील अशी ओकली.

"बघ! सांगत होतो!" दादाला तर जोरच चढला. "वळवा हो बोट, बहिणीचा जीव जातोय!"

आत्याने तोंड पुसलं. "जीव माझा आहे ना? मग गेला की मीच सांगेन."

आणि तेवढ्यात पाण्यात गळ सोडलेली तिची काठी वाकली. अशी वाकली की आता मोडते की काय! आत्याने पाय रोवले, रीळ फिरवायला लागली. मासा ओढतोय, ही ओढतेय, दंड थरथरतायत.

"दादा, हात नको."

"अगं, सुटेल तो!"

"सुटू दे! हात नको म्हणतेय ना!"

पण ऐकेल तर तो दादा कसला? त्याने दोन्ही हातांनी काठी धरली आणि दिला हिसका. चांदीसारखा लखलखता, हातभर लांब मासा बोटीत येऊन आपटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादाने फोन पण काढला फोटोला. "आला की नाही? मी होतो म्हणून!"

आत्याला धाप लागली होती. डोळ्यात पाणी, पण रडायचं नव्हतं तिला, मुळीच नाही.

"बाई, हा मासा कुणाचा?"

कप्तानबाईंनी एकदा दादाकडे बघितलं. "तुमचा नाही, आत्या."

"मग सोडा पाण्यात."

"वेड लागलं का तुला?" दादा ओरडला. "एवढा मासा! घरी जाऊन काय दाखवणार?"

"तुझा हात दाखव. नोकरीत तुझा हात, खोलीत तुझा हात, लग्नात तुझा हात. उपकार झाले रे, खरंच झाले. पण हा नको. सोडा हो बाई, तडफडतोय तो."

बाईंनी गळ काढला, मासा अलगद पाण्यात सोडला. शेपटी मारून तो गेलासुद्धा.

"तू त्या टोकाला जाऊन बस," आत्या म्हणाली.

"आणि दुसरा नाही लागला तर?"

"तर नाही लागला."

दादा खरंच गेला, मोजे सावरत. आत्याने स्वतःच आमिष लावलं, दोनदा गळ टोचून घेतला, कुणालाही जवळ येऊ दिलं नाही, आणि दोरी पाण्यात फेकली. लगेच पुन्हा ढवळून आलं तिला. कठड्यावरून वाकून ओकली, पण काठी काही सोडली नाही.