स्पामधून सोनाळ्याला लागलेला फोन

गेल्या महिन्यात सासूबाईंना घेऊन पुण्याच्या एका फाइव्ह स्टार हॉटेलात राहून आले. होय, मीच… मेहकरची! आमच्या कृषी केंद्राला बियाणं कंपनीच्या स्कीममध्ये दोन माणसांची ट्रिप लागली आणि नेमका तेव्हाच दुकानात माल उतरायचा होता. मग अहो म्हणाले, "तू अन् आई जाऊन या."

सासूबाई म्हणजे काय प्रकरण आहे ते आधी सांगते. माणूस दिसला की "गाव कोणतं, कोणाची तू"… आणि चहा संपेपर्यंत नातं काढून मोकळ्या. हॉटेलचं दार उघडणाऱ्या दादांनाही सोडलं नाही. ते बिहारचे निघाले म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी स्पा होता, तोही फुकट. मी सकाळपासून हवेत… आणि सासूबाई अडून बसलेल्या. परक्या माणसानं पाय दाबायचे म्हणजे काय! तिथे सगळ्या बायकाच असतात असं शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे उठल्या. हॉटेलचा पांढराशुभ्र झगा घातला, पण आतलं लुगडं सोडायला साफ नकार.

आत मंद उजेड, गवती चहाचा वास, आणि एक पंचविशीची टापटीप पोरगी. "मॅम, प्रेशर ओके आहे ना?" असं गोड बोलत होती. तिनं सासूबाईंचे पाय कोमट पाण्यात धुतले, पुसले आणि गुडघ्यापासून खाली असा काही हात फिरवला की आमच्या म्हातारीचे डोळेच मिटले. मी शेजारच्या खुर्चीत माझ्या नंबरची वाट बघत होते.

आणि तिथेच घात झाला. सासूबाई जराशा कण्हल्या, तशी ती पोरगी पटकन आमच्या वऱ्हाडीत बोलून गेली, "दुखून राह्यलं का आजी?"

झालं! सासूबाई ताडकन उठून बसल्या. "माय वो! तू तं आपल्याकडची. गाव कोणतं तुह्यं?"

ती चाचरली. "सोनाळा."

अहो, सोनाळा म्हणजे सासूबाईंचं माहेर! मग काय विचारता… वडिलांचं नाव, गल्ली, घर देवळाच्या अलीकडे की पलीकडे. फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता, पण आमच्या आई फोन आणि बटवा कुणाच्या बापाच्या ताब्यात देत नाहीत. बटव्यातून फोन निघाला आणि थेट माहेरच्या वहिनींना व्हिडिओ कॉल. "वहिनी, पाहा कोण भेटलं! तुमच्या शेजारची पोरगी माह्या पायाले तेल लावून राह्यली. तिच्या मायले बोलवा!"

पोरगी पांढरीफटक पडली. "आजी, नका ना… बंद करा ना." मग माझ्याकडे वळून अगदी रडकुंडीला येऊन म्हणाली, "ताई, घरी रिसेप्शनवर आहे म्हणून सांगितलं मी. स्पा म्हटलं की गावात काय काय बोलतात… आता मले वापस बोलावून घेतील."

मी फोन हिसकावणार, तोवर स्क्रीनवर तिची आई हजर. हात पिठाचे, मनगटानं पदर सावरत, आणि नजर सरळ लेकीच्या तेलकट हातांवर.

सासूबाईंना एव्हाना कळलं होतं आपण काय करून बसलो ते. मग त्यांनीच सावरून घेतलं. म्हणाल्या, "बाई, इथं सगळ्या बायाच बाया आहेत, मी सोता पाह्यलं. माह्या गुडघ्यासाठी किती डॉक्टर केले… तुमच्या लेकीच्या हातानं आज बरं वाटलं. रागाऊ नका पोरीवर."

त्या बाईनं लेकीला एवढंच विचारलं, "काऊन लपवलं वो?"

पोरगी मान खाली घालून हात पुसत राहिली.

"दिवाळीले आली तवा माह्या टाचा फाटून रगत येऊन राह्यलं होतं. तुले एवढं येते… अन् तू नुसती पाहत राह्यली?"

"मले लावायचा होता वो हात, आई," ती हुंदके देत म्हणाली. "पण तू विचारलं असतं ना, हे कुठं शिकली म्हणून…"

काय सांगू तुम्हाला… माझेच डोळे भरून आले. तिच्या आईनं पिठाच्याच हातानं डोळे पुसले. "सुट्टी काढून ये. तुह्या बाबाले मी सांगीन," म्हणाली आणि फोन ठेवला. ये म्हणजे कायमची की काय, ते ना तिनं विचारलं, ना आईनं सांगितलं.

त्या दिवशी एवढा मोठा बुफे, पण सासूबाईंच्या घशाखाली घास उतरेना. "माह्यामुळं पोरीची नोकरी जाते का वो?" एकच घोकणं.

काल सोनाळ्याहून वहिनींचा फोन आला. पोरगी चार दिवस राहून गेली म्हणे. आल्या आल्या बादलीत कोमट पाणी घेऊन आईच्या टाचा घासायला बसली, आणि आई तिला एकीकडे शिव्या देत होती, एकीकडे दुसरा पाय पुढे करत होती.

बाबा मात्र चारही दिवस तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. पण जायच्या दिवशी कोणी न सांगता तिची बॅग मोटरसायकलवर पुढ्यात घेतली, तिला मागे बसवलं आणि पुण्याच्या ट्रॅव्हल्ससाठी शेगावपर्यंत सोडून आले.

(पोरीला फोन करून, विचारूनच लिहितेय हं. "लिहा ताई, आता काही लपवायचं राह्यलं नाही," म्हणाली…)