नाथाजीचा बंब

नाथाजी फौजेतून हवालदार होऊन परत आला, पण वाडीत त्याला सगळे मेजरच म्हणत. आपल्याकडं पेन्शनीवर आलेला प्रत्येक गडी मेजर असतो, त्यामुळं त्यात मान किती आणि सवय किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. नाथाजीची निम्मी नोकरी राजस्थानातल्या एका डेपोत आगीच्या बंबावर गेली होती. कुंडलच्या पलीकडच्या या वाडीत येऊन ऊस बघावा, बायको बयाबाईच्या हातचं जेवावं आणि कुणाच्या अध्यात-मध्यात पडू नये, असा त्याचा साधा बेत होता. चुलतभाऊ केरबाच्या उसाला आग लागली त्या दिवशी तो बेत मोडला.

वाऱ्यानं विजेच्या तारा एकमेकींना घासल्या, ठिणगी पडली आणि तोडणीला आलेला फड पेटला. फोनाफोनी झाली, शहराकडचा मोठा बंब आलाही. पण कॅनॉलच्या पुलापाशी येऊन तो थांबला. पुढं पाणंद, पाणंदीच्या दोन्ही अंगाला बांध, आणि बंब तर केवढा तरी रुंद. ड्रायव्हर खाली उतरला, दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं आणि म्हणाला, "चाक चारीत जातंय. पुढं कसा नेऊ?" त्याचं काही चुकत नव्हतं. भरलेला बंब पुलावर, पेटलेला ऊस समोर, आणि मधे हाकेचं अंतर. केरबाची बायको साळूबाई बांधावर बसून नुसती बघत राहिली. नाथाजीही बघत राहिला, आणि एवढा संताप त्याला उभ्या जन्मात आला नव्हता.

"आपल्याला आपला बंब पायजे," तो पुढच्या ग्रामसभेत उभा राहून म्हणाला. "ल्हान, पर आपल्या पाणंदीतनं जाणारा. ट्रॅक्टरला जोडला की निघाला. आमच्या डेपोत एकच कायदा हुता. बंब कवाबी बघा, भरलेला आन् तयार. बाकी सगळं मागनं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्गणी द्यायला पहिला केरबाच उठला. मग रीतीप्रमाणं समिती झाली आणि सरपंचाचा पुतण्या दिग्विजय तिचा अध्यक्ष झाला. दिग्विजय मनानं चांगला होता, पळायलाही पुढं असायचा, पण कुठलंही काम हातात घेतलं की त्याचा फोटो कसा निघेल हे त्याला आधी सुचायचं.

नाथाजीनं कागदावर काही काढलं नाही. त्यानं एक वेळू घेतला, छातीपाशी आडवा धरला आणि वाडीतल्या एकेका पाणंदीतून चालत सुटला. जिथं वेळू बांधाला अडकेल तिथं तो कोयत्यानं तेवढा तुकडा उडवायचा आणि पुढं जायचा. बायका धुणं टाकून बघायला उभ्या राहिल्या. मेजरच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं दोघीतिघींनी बयाबाईला सांगूनही टाकलं. सगळ्या पाणंदी हिंडून झाल्यावर उरलेला वेळू घेऊन नाथाजी पलूसच्या रस्त्यावरच्या ज्ञानू वेल्डरकडं गेला आणि म्हणाला, "ह्याच्यापरास रुंद एक बोटबी करायचा न्हाई."

खरा ताप पुढं होता. समितीची बैठक बसली.

"मेजर, टाकी मोठी घ्या," दिग्विजय म्हणाला. "शेजारच्या गावचा टँकर बघा केवढा हाय."

"त्यो पाणंदीत जातोय का?"

"जात न्हाई. पर दिसतोय."

नाथाजीनं कपाळावर हात मारला. पण बैठक आता रंगात आली होती. वर लाल-निळे फिरते दिवे पाहिजेत. पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असा भोंगा पाहिजे. देणगीदारांची नावं दोन्ही बाजूंनी पाहिजेत. एकानं स्पीकरची सोय सुचवली, म्हणजे जयंतीच्या मिरवणुकीलाही बंब उपयोगी पडेल. पाण्याचा होजपाइप कसला असावा, पंप कुठं बसवावा, आग लागल्यावर नेमकं कुणी पळायचं, यातलं एकानंही काही विचारलं नाही. नाथाजीला वाटलं, उठून जावं. पण त्याच्या डोळ्यांसमोरून पुलावर थांबलेला तो बंब हलत नव्हता. त्यानं दिवे दिले, भोंगा दिला, नावंही दिली. रुंदी मात्र सोडली नाही.

आणि गाडी झाली तीही बघत राहावी अशी. दोनच चाकं, म्हणजे बांधाच्या वळणावरही वळावी. ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर चालणारा पंप. कॅनव्हासचा होज गुंडाळी करून असा लावलेला, की टोक धरून पळालं तर आपोआप उलगडत यावा. एका बाजूला लांब दांड्यांचे कोयते, पुढचा ऊस तोडून आगीची वाट बंद करायला. दुसऱ्या बाजूला भिजवायची गोणपाटं, बादल्या आणि भाजल्यावर लावायच्या मलमाची पेटी. नारळ फुटला, हार पडले, दिग्विजयचे फोटो निघाले. त्या दिवशी नाथाजी खरोखर सुखात होता. ते सुख उन्हाळा लागेपर्यंत टिकलं.

भरलेलं पाणी नुसतं उभं आहे, हे आपल्या माणसाला बघवत नाही. पाणी म्हटलं की ते कुणाच्या तरी कामी यावं, अशी आपली समजूत, आणि ती काही वाईटही नाही. पण तिनं नाथाजीचा जीव नकोसा करून टाकला. आधी कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीला बंब गेला. मग एकाच्या स्लॅबवर पाणी मारायला गेला. द्राक्षवाल्यांना औषधाच्या फवारणीला पाणी कमी पडलं, तेव्हा तिकडं गेला. बंब कुणाला द्यायचा ते अध्यक्ष म्हणून दिग्विजयनं ठरवायचं, आणि दिग्विजयच्या तोंडून नाही हा शब्द कधी निघत नसे. वरात आली की तोच भोंगा वाजवत बंब पुढं. जो नेई तो म्हणे, "भरून ठिवतो की." आणि ठेवत कुणीच नव्हतं.

नाथाजी रोज सकाळी येऊन टाकीवर बोटांनी टकटक करायचा. पोकळ आवाज आला की त्याचा दिवस तिथंच नासायचा. मग वीज येऊन मोटार कधी चालू होते त्याची वाट बघत स्वतःच्या विहिरीवर टाकी भरायची, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पोकळ. कुणाला बोलायला जावं तर उत्तर ठरलेलं.

"आवं मेजर, आग काय रोज लागतीया व्हय?"

एकदा तर त्यानं उघड्या डोळ्यांनी एकाला टाकीच्या पाण्यानं म्हशी धुताना बघितलं. त्याच आठवड्यात गावठाणाला लागून असलेली एक गंजी पेटली. बंब पळत नेला तर आत तळाला बादलीभर पाणी. झाडाच्या डहाळ्या मारून लोकांनी आग विझवली आणि जो तो हसत घरी गेला. नाथाजी हसला नाही. तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरायलाच तयार नव्हती.

त्यानं बंब सरळ ज्ञानूकडं ओढत नेला. वरच्या झाकणाला जाड कडी बसवून कुलूप घातलं. खाली पंप आणि कॉक मिळून लोखंडी पेटीत बंद केला आणि तिचं कुलूप आतल्या खोबणीत असं घेतलं, की ना पहार लागावी ना कानस. दिग्विजयकडं त्यानं एकही किल्ली दिली नाही. दोन्ही किल्ल्या स्वतःच्या कमरेच्या करगोट्याला बांधल्या. डेपोत आगीच्या गाडीला कधी कुलूप नसायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण डेपोत त्या पाण्यानं कुणी म्हशी धूत नव्हतं.

"मेजर, गावचा बंब हाय," दिग्विजय नाराज होऊन म्हणाला.

"गावचाच हाय. म्हणून तर गावापास्नं जपतोय."

लोक चिडले, टोमणे मारले, मग गप्प झाले. एप्रिलात विहिरी तळाला गेल्या, तेव्हा एका संध्याकाळी साळूबाई कळशी घेऊन दारात आली. म्हशीला पाणी नव्हतं.

"भावजी, म्हशीपुरतं द्या. रेडकूबी ल्हान हाय."

"वैनी, एकाला दिलं की सगळ्यास्नी द्यावं लागतंय."

ती रिकामी कळशी कमरेवर घेऊन परत गेली. बयाबाईनं स्वतःच्या रांजणातलं पाणी मागच्या दारानं तिला नेऊन दिलं आणि रात्रभर नवऱ्याशी बोलली नाही. नाथाजीला जेवण गेलं नाही. पण सकाळी टाकी वाजवली तर भरीव आवाज आला, आणि वाईट वाटत असूनही त्याला बरं वाटलं.

आता बंबात एकच उणीव उरली होती. पाणी होजातून सरळ धारेत जायचं, पसरून पडायचं नाही. फलटणला एक लेथवाला पितळेचं हवं तसं तोंड करून देतो, असं त्याला कळलं होतं. एका सकाळी तो निघाला.

"किल्ली ठिवून जावा," बयाबाई म्हणाली.

"तुझ्यापाशी ठिवली की दुपारी टाकी रिकामी. तुला कुणी रडून दावलं की झालं."

दुपारी पितळेचं तोंड पिशवीत घालून तो परतीच्या एसटीत बसला. दहिवडीच्या अलीकडं फोन वाजला. दिग्विजय ओरडत होता. कुणीतरी रानातलं पाचट पेटवलं होतं, वारं फिरलं होतं आणि आग केरबाच्या गुरांच्या सपराकडं निघाली होती.

"मेजर, किल्ली कुठं हाय?"

नाथाजीचा हात कमरेवर गेला. दोन्ही किल्ल्या तिथंच होत्या.

"बंब कुठं हाय?"

"हितंच की, सपरापाशी. पाणंदीतनं नीट आला. कुठं घासलाबी न्हाई. पर पाणी निघंना."

फोनमधून भोंगा ऐकू येत होता. तेवढा एक भोंगा आणि दिवे कुलपाबाहेर होते.

"फोडा," नाथाजी म्हणाला. "पेटीच्या डाव्या अंगाला पहार घाला."

"घातली. सरकतीया."

"कटर आणा."

"लाईट गेलीया मेजर."

मग त्यानं वरचं झाकण तोडायला सांगितलं, मग होजाचं तोंड, मग टाकीच्या तळाला घण मारायला. एकेक सांगताना त्याला स्वतःलाच आठवत होतं, की हे कुणाला जमू नये म्हणून आपण काय काय केलं आहे. शेजारी बसलेली माणसं त्याच्याकडं बघत होती. घणाचे आवाज येत होते, मधेच केरबाची हाक आली, मग बायकांचा गलका आला आणि फोन बंद झाला. नाथाजी कंडक्टरला म्हणाला, गाडी जरा पळवा. कंडक्टरनं मान हलवली. गाडी होती तशीच चालत राहिली.

तो पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. द्राक्षवाल्यांनी फवारणीचे ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून आणले होते आणि आग वस्तीपर्यंत येऊ दिली नव्हती. सपार मात्र गेलं होतं. कडब्याची गंजी गेली होती. केरबानं दावं कापून म्हैस बाहेर काढली होती आणि त्याचे दोन्ही हात भाजले होते, त्याला दवाखान्यात नेलं होतं. रेडकू आतच राहिलं. राखेच्या कडेला बंब उभा होता, पत्र्याला घणाचे पोचे पडलेले, देणगीदारांची नावं काळवंडलेली.

दिग्विजय तोंडाला रुमाल बांधून बसला होता. नाथाजीला वाटलं, तो अंगावर येईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"समद्यांनी मिळून हाणलं मेजर," तो थकून म्हणाला. "लय मजबूत केलाय तुमी तुमचा बंब."

 नाथाजीला कुणी शिव्या देत नव्हतं, हेच त्याला सोसवेना. माणसं एकेक करून उठली, कुणी म्हशीला वैरण आणायला गेलं, कुणी केरबाकडं. शेवटी साळूबाई उरली. ती बंबाच्या चाकापाशी आली आणि टाकीला हात लावून उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "बायका म्हणत हुत्या, बंब रिकामाच आसंल. कुलूप निघालं आसतं तरी काय उपेग नव्हता. खरं हाय का?"

तिचा आवाज शांत होता. रेडकू तसंही वाचलं नसतं, एवढंच तिला ऐकायचं होतं. नाथाजीनं एक हो म्हटलं असतं तर तिचीही सुटका होती आणि त्याचीही. वाडीतल्या कुणालाही ते पटलं असतं, एवढ्या वेळा त्यांनी तो बंब स्वतःच्या हातानं रिकामा केला होता.  

"न्हाई वैनी," तो म्हणाला. "काठोकाठ भरलेला हुता."