पायाळूचा पाय

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कूलरमध्ये पाणी भरणं. मी स्टुलावर उभा, बायको खालून बादल्या देत होती. गुडगावच्या त्या नव्या फ्लॅटांत नळाला जोरच नव्हता. चौथ्या बादलीला ती कळवळली, "अहो, उसण भरली."

"मग काय, डॉक्टर घरातच आहे," मी म्हणालो.

मी पायाळू. जन्मताना पाय आधी आलेला. अशाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. पलटणीत होतो तेव्हा रविवारी क्वार्टरसमोर माणसं थांबायची. पेन्शनीनंतर मानेसरला कारखान्यात चौकीदार झालो, तरी छावणीतले मराठी लोक बोलवायचे. शाळा सातवी, पण पायाला मान. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

तीन दिवस सकाळी तिच्या कमरेला पाय लावून ड्यूटीवर गेलो. दुसऱ्या दिवशी म्हणाली, दोन्ही पायांना मुंग्या येतात. मी म्हणालो, उतरतेय. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खाली पाट आहे का नाही, कळतच नाही बघा." मी हसलो. "म्हातारी झालीस." सकाळपासून लघवी अडकली होती, ते तिने लाजेने सांगितलंच नाही. संध्याकाळी उठायला गेली आणि पाय दुमडले. तेव्हा रडत सांगितलं.

इस्पितळात डॉक्टरने आधी तेच विचारलं, "पेशाब कब से बंद है?" मणक्यातली गादी सरकून खालच्या नसा दाबल्या होत्या. मुंग्या दोन्ही पायांत, बसायची जागा बधिर, लघवी अडकलेली, असं काही दिसलं की लगेच आणायचं असतं, म्हणाला.

"माझ्या पायानं झालं का?"

"पाँव से नहीं, बाबूजी. देर से."

ऑपरेशन झालं, पण पाय परत आले नाहीत. मी रोज तिचा अंगठा दाबून विचारायचो, "कळतंय?" ती माझ्याकडे बघून हो म्हणायची. मला माहीत होतं, खोटं. आठव्या दिवशी पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली. ती संपली.

स्मशानातून परतताना खांदा द्यायला आलेला छावणीतला एक जवान हळूच म्हणाला, "काका, बायकोची पाठ धरलीय. पायांना मुंग्या येतात म्हणते. सुतक फिटलं की पाय लावायला याल?"

मी घरी आलो. "दोन्ही पायांना का?" हे विचारायचंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने छावणीत गेलो. सुतकातला म्हणून दाराबाहेरच थांबलो आणि तिथूनच विचारलं, "सूनबाई, लघवी होते का नीट?"

"काका, हे काय बोलणं!" जवान चिडला.

"तू गप. पोरी, लाजू नकोस. माझी लाजली."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग मान खाली घालून म्हणाली, "कालपासून जोर करावा लागतो."

"काका, आधी पाय तरी लावा," जवान म्हणाला.

मी चप्पल काढली नाही. म्हणालो, "आधी गाडी आण."