मुकाट भाडं

माझे काका तीस वर्षं वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसले. समोर रांग, कानाशी आरडाओरडा आणि हातात काहीच नाही. तार जोडायला जाणारा माणूस वेगळा, शिव्या खाणारे काका वेगळे. निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाच्या भाषणात ते एवढंच म्हणाले, "यापुढे कुणाचं गाऱ्हाणं ऐकणार नाही." सगळे हसले. मीही हसले, कारण काका थट्टा करताहेत असंच वाटलं.

मिळालेल्या पैशांतून त्यांनी एका बोळातलं जुनं दुमजली घर घेतलं. स्वतः खाली राहिले आणि वरच्या ओळीतल्या तीन खोल्या भाड्याने दिल्या. पहिल्या खोलीत घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ, मधल्या खोलीत नर्सबाई, आणि शेवटच्या खोलीत शिवणकाम करणारी ताई, तान्ह्या मुलीला घेऊन. तिचा नवरा कुठे असतो हे कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. दर अकरा महिन्यांनी करार नवा व्हायचा. तो लिहायचं काम माझ्या गळ्यात, कारण घरात माझं अक्षर त्यातल्या त्यात बरं.

पहिल्याच कराराच्या वेळी काकांनी एक कायदा काढला. अकरा महिन्यांत ज्याने नळ गळतो म्हटलं नाही, दार घासतं म्हटलं नाही, त्याचं भाडं जसंच्या तसं. ज्याने तोंड उघडलं, त्याचं वाढणार. "मुकाट्याने राहील त्याला मुकाट भाडं," काका म्हणाले आणि स्वतःच्याच शब्दावर खूश झाले. मलाही तो शब्द इतका आवडला की मी चार घरी सांगत सुटले. आज त्याची मला लाज वाटते.

नर्सबाईंनी पहिल्या वर्षी खिडकीला कडी मागितली. कडी मिळाली आणि भाडंही वाढलं. त्यानंतर बाईंनी तोंडाला कुलूप लावलं. त्यांची गत पाहून बाकीचे दोघे आधीच शहाणे झाले. काका महिन्यातून एकदा हात मागे बांधून तिन्ही खोल्यांतून फिरायचे. "काय, बरं चाललंय ना?" "अगदी छान, मालक." मग खाली येऊन मला शिकवायचे, "घर कसं राखावं ते बघून घे. पाच वर्षं झाली, एकजण हूं की चूं करत नाही!" आणि मी मान डोलवायची. खरंच, इतकं शांत घर मी दुसरं पाहिलं नव्हतं.

यंदा काकांची कंबर धरली होती, म्हणून करारावर सह्या घ्यायला मी एकटीच वर गेले. घड्याळवाल्यांच्या खोलीत मागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, पण माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. मनात म्हटलं, हा गृहस्थ तारीख काय लोळून बघतो की काय! नर्सबाईंकडे त्याच भिंतीवर आरसा होता, तोही कमरेच्या उंचीला. त्यात त्यांना पोटाशिवाय काय दिसत असेल देव जाणे. मी हसतच ताईच्या खोलीत शिरले. तिथे त्याच भिंतीवर छातीच्या उंचीला फुलाफुलांचं कापड ताणून लावलेलं होतं. गुडघा, कंबर, छाती. माझं हसू तिथेच थांबलं.

मी कापड वर केलं. भिंतीला फट पडली होती. आधी कुणीतरी सिमेंट भरलं होतं, ते सुटल्यावर वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते, आणि तरीही माझी चार बोटं आत गेली. आतून बोळातली गार हवा लागली. फटीच्या बरोबर खाली गादी होती आणि तिच्यावर मुलगी दुपारची झोपली होती.

"ताई, हे काय आहे?"

तिने आधी दार लोटून घेतलं. "काकांना सांगू नका हो. हात जोडते. सिमेंट आणून ठेवलंय, रविवारी भरते."

"कधीपासून आहे?"

"दोन वर्षं होत आली. आम्ही तिघं मिळून भरतो. काका फेरीला यायच्या आत रंगाचा हात मारतो. कधी कळलंय का त्यांना?" हे सांगताना तिला थोडा अभिमानच वाटत होता. मला मात्र तिथे उभं राहायची भीती वाटू लागली.

मी खाली जाऊन सगळं सांगितलं. काकांच्या बाजूने एक सांगते, त्यांनी क्षणभरही टाळाटाळ केली नाही. कंबर धरून वर गेले, फट पाहिली आणि पांढरेफटक पडले. तासाभरात इंजिनिअरला घेऊन आले. त्याने बाहेरून ओळंबा सोडला तेव्हा भिंतीचं पोट सुटलेलं माझ्यासारखीलाही दिसलं. "सगळे आत्ता खाली उतरा. संध्याकाळची वाट बघू नका," असं बजावून तो नगरपालिकेला कळवायला गेला.

काकांनी तिघांना ताईच्या खोलीत बोलावून तेच सांगितलं. कुणी जागचं हललं नाही.

"म्हणजे घर रिकामं करायचं ठरलंय तर," घड्याळवाले म्हणाले. "आणि इंजिनिअर कुणी आणला? तुम्हीच ना?"

"पाच वर्षं तोंड शिवून राहिलो, त्याचं हे बक्षीस?" नर्सबाई म्हणाल्या.

"अहो, भाडं वाढवणार नाही! घेणारच नाही! दुसरीकडे राहा, मी खर्च देतो," काका काकुळतीला आले. तिथेच सगळं बिघडलं. काका फुकट काही देतात म्हटल्यावर कुठेतरी पाणी मुरतंय याची तिघांना खात्रीच पटली. काकांना ते कळलं. त्यांचा आवाज फाटला. "भांडा माझ्याशी! भिंत फाटलीय, छप्पर मोडलंय, काय ते बोला! शिव्या द्या मला!"

तिघंही जमिनीकडे बघत राहिले. तेवढ्यात भिंतीतून सरसर आवाज झाला आणि गादीवर, मुलीच्या केसांत, रेती पडली. ताईने ती सवयीने हाताने झटकली.

"काही नाही मालक, ते रोजच पडतं."

काकांनी वाकून मुलीला उचललं आणि तडक जिना उतरू लागले. ताई किंचाळत त्यांच्यामागे धावली. तिच्यामागे बाकीचे दोघे, शेवटी मी. मी जिन्याचं दार ओढून कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरली. बोळात माणसं जमली. दचकून जागी झालेली मुलगी रडत होती. ताईने तिला काकांच्या हातातून हिसकावून घेतलं.

अर्धा तास गेला. भिंत उभीच होती. "पडली का? नाही ना?" घड्याळवाले जमलेल्यांना सांगू लागले, आणि लोक काकांकडे वाईट नजरेने बघू लागले. काका दाराला पाठ लावून उभे होते.

मग ताई पुढे आली. मुलगी कडेवर, डोळे पुसलेले, आवाज फेरीच्या दिवशी असतो तसा गोड.

"मालक, चूक माझी आहे. माझ्या मशीनच्या हादऱ्यानेच भिंत गेली असणार. मी उद्याच मशीन विकते. आम्हाला वर जाऊ द्या."