ताणावरची बेचाळीस झाडं

डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मामाच्या संत्र्याच्या बागेतला व्हॉल्व्ह आपोआप उघडला आणि बेचाळीस झाडांना एक तास वीस मिनिटं पाणी गेलं. बाग शेंदूरजनाघाटजवळ आहे. मी तेव्हा दीडशेहून अधिक किलोमीटरवर, अकोल्याच्या वसतिगृहात होते. मोबाईलवर संदेश आला: व्हॉल्व्ह सुरू. त्याचा फोटो मी वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "चाललं."

कृषी अभियांत्रिकीचं ते शेवटचं वर्ष होतं. प्रकल्पात आम्ही दोघं होतो. जोडीदार अंजनगाव सुर्जीचा, त्याच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जमिनीत ओलावा मोजणारा सेन्सर पुरायचा, माती ठरलेल्या मर्यादेखाली कोरडी झाली की ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायचा, असं ते यंत्र होतं. सर्किट त्याचं, प्रोग्राम माझा. सहाशे झाडांच्या बागेतल्या दोन ओळी मामानं आम्हाला दिल्या होत्या.

साडेनऊला मामाचा फोन आला.

"पाणी कावून सोडलं वं?"

"मी नाही सोडलं. यंत्रानं सोडलं."

"त्याले कोणी सांगतलं? बाग ताणावर हाये ना!"

आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांसाठी, संत्र्याचं पाणी डिसेंबरात तोडतात; यालाच ताण म्हणतात. पानं मलूल होतात, थोडी गळतात, आणि जानेवारीत पुन्हा पाणी दिलं की झाड फुलतं. मध्येच पाणी मिळालं तर फुलांऐवजी नवती फुटते, म्हणजे नुसती कोवळी पानं. त्या झाडाचा वर्षाचा बहार जातो. अभ्यासक्रमात ताण शिकवला होता, पण पिकाला होणारा त्रास म्हणून. तो कमी कसा करायचा यावर परीक्षेत प्रश्न यायचा. आमच्या घरी कापूस आणि तूर. तिथं झाडाला मुद्दाम तहानेलं ठेवत नाहीत.

व्हॉल्व्ह उघडला तरीही पाणी जायला नको होतं, कारण मामानं त्या ओळींच्या नळीवरचा हातानं फिरवायचा कॉक बंद केला होता. आदल्या रविवारी दाब तपासायला गेले तेव्हा तो मी उघडला. कॉकला लाल चिंधी बांधलेली होती. ती सोडून मी खिशात ठेवली. मंगळवारी पंप हरभऱ्यासाठी सुरू झाला, सेन्सरला माती कोरडी दिसली आणि व्हॉल्व्ह उघडला.

बुधवारी दुपारी आम्ही दोघं बागेत पोचलो.

"मले वाटलं कॉक गळते, म्हणून चिंधी बांधली," मी म्हणाले.

"गळत्या कॉकले रबर बांधते बाप्पा. चिंधी म्हणजे हात लावू नोको. लहान पोराले समजते थे."

"मामू, मशीननं जे सांगतलं तेच केलं," जोडीदार म्हणाला.

"मंग सांगणारे कोण? तुमीच ना?"

मामानं सेन्सर उपटून न्यायला सांगितलं. मी दोन दिवस मागितले.

पाणी किती खोल गेलं, हे मोजता येण्यासारखं होतं. दोन्ही ओळींत ठरावीक अंतरावर भोकं पाडून वेगवेगळ्या खोलीवरची माती घेतली आणि ॲल्युमिनियमच्या डब्यांत बंद केली. वरूड-अमरावती एसटीत वाहकानं पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, "डब्यात काय हाये?"

"माती."

"आमच्याकडं कमी हाये काय?" तो म्हणाला आणि तिकीट फाडलं.

अकोल्यात डबे एक दिवस भट्टीत ठेवून पुन्हा वजन केलं. बहुतेक झाडांखाली ओल ड्रीपरभोवती फूटभरच होती. उताराच्या टोकाला मात्र आठ झाडांखाली ती बरीच खोल गेली होती. पंप बंद झाल्यावर नळीत उरलेलं पाणी तिकडे उतरलं होतं.

शनिवारी मामाला सांगितलं: आठ झाडं गेली असं धरा. उरलेली चौतीस फुलतील, पण त्यांना बाकी बागेपेक्षा बारा दिवस उशिरा पाणी द्या.

"बाराच कावून?"

"मातीच्या हिशोबानं."

"मी पानाच्या हिशोबानं पाह्यतो," मामा म्हणाला. "पान म्हणीन तवा पाणी. आन् नाई फुललं, तं पुढच्या साली तुह्या यंत्रासंगं तुलेही बागेत पुरतो."

सेन्सर त्यानं राहू दिले.

संक्रांतीनंतर बागेला पाणी सुटलं. दोन ओळी कोरड्या राहिल्या. मामा रोज दुपारी त्यांची पानं चुरून पाहायचा. अकराव्या दिवशी त्याचा फोन आला, "उद्या सोडतो." दरम्यान जोडीदारानं यंत्राच्या पेटीवर एक बटण बसवलं. त्यावर रंगानं लिहिलं: ताण. ते दाबलेलं असलं की माती कितीही कोरडी झाली तरी व्हॉल्व्ह उघडत नाही. प्रोग्राममध्ये त्यासाठी चार ओळी वाढवाव्या लागल्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही तिघांनी झाडं मोजली. उताराच्या टोकाच्या आठही झाडांवर नवती होती. उरलेल्या चौतिसांपैकी तेहेतीस फुलली होती. एका झाडावर दोन्ही होतं. ते कशात धरायचं यावर मामाचा आणि माझा वाद झाला. अहवालात ते वेगळ्या रकान्यात आहे. चिंधीची नोंदही आहे, पान सतरावर. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच पान उघडलं आणि वीस मिनिटं त्यावरच प्रश्न विचारले. प्रकल्प मंजूर झाला.

पुढच्या डिसेंबरात मामानं पेटीवरचं बटण स्वतः दाबलं. मग कॉक बंद केला आणि त्याला चिंधी बांधली.