चुलतभावाची मोटारबोट
इंजिनाच्या धुराचा वास आला की मला घनसावंगीच्या खालचा गोदाकाठ आठवतो. सत्तर सालानंतर केव्हातरी माझ्या धाकट्या चुलतभावानं निव्वळ हौसेखातर मोठी, बिनछपराची मोटारबोट आणली आणि माझ्या पोटात दुखू लागलं. “एवढ्या पैशात ट्रॅक्टर आला असता,” असं मी पारावर सांगत फिरायचो. तो हसायचा, “दादा, ट्रॅक्टर पाण्यात चालत न्हाई.” नागपंचमीच्या आदल्या दिवशी गोदावरी फुगली आणि होड्या बंद झाल्या. गावातल्या, पैलतीरी माहेर असलेल्या साऱ्या सुनांना त्यानं बोटीत बसवलं. माझी बायकोही हसत चढली. मी घाटावरून मनात म्हणालो, बंद पडू दे हे धूड. भर प्रवाहात इंजिन खरंच थांबलं. क्षणभर मला बरं वाटलं, आणि मग बायकोचं हिरवं लुगडं दिसलं. इंजिन पुन्हा सुरू झालं तरी मी घाटावरून हललो नाही. माहेराहून परतल्यावर ती म्हणाली, “बोट काठाला लागेपर्यंत तुम्ही घाटावरच उभे व्हते. एवढी काळजी वाटली माझी?” मी हो म्हणालो. आता ती हे आमच्या सुनांना कौतुकानं सांगते, आणि मी खाली मान घालून ऐकतो.