बस म्हणजे बस

तेलाची विहीर खणणाऱ्या रिगवर त्याला सगळे गोगलगाय म्हणत. मनोऱ्यावर काम निघालं की माणसाला पट्ट्यात बसवून तार गुंडाळणाऱ्या विंच यंत्राने वर चढवायचं, हे त्याचं काम. चढवायचा कसा, तर दुधाचं काठोकाठ भरलेलं पातेलं उचलावं तसा. वर जाणाऱ्याने वॉकीटॉकीवर तीनच शब्द बोलायचे: वर, खाली, बस. ‘बस’ ऐकलं की याने विंचचा दांडा सोडलाच, आणि ब्रेक लागलाच. मग ‘वर’ येईपर्यंत साक्षात देव आला तरी तार हलायची नाही.

घरीही तेच. वाढता वाढता बायकोने “बस?” म्हटलं की हा ताटावरचा हात मागे घेई.

“अहो, मी विचारलं, सांगितलं नाही! या शब्दापायी उपाशी राहाल एक दिवस.”

नवे साहेब आले ते घाई घेऊनच. “एक माणूस वर न्यायला अकरा मिनिटं? वरात काढतोस की काय?”

“सामान असतं तर दोन मिनिटांत नेलं असतं, साहेब. सामानाला बायकामुलं नसतात.”

“उद्या मी स्वतः जातो. पाच मिनिटांवर एक सेकंद गेला, तर परवापासून स्टोअरमध्ये हातमोज्यांच्या जोड्या लावत बस.”

बावीस वर्षांत त्याने त्या दांड्याखेरीज दुसरं काही धरलं नव्हतं.

रात्री बायको म्हणाली, “एक दिवस पळवा की जोरात!”

“आणि नेमकं त्याच दिवशी काही झालं म्हणजे?”

ती उठून देवापुढे हात जोडून बसली.

सकाळी त्याने तार, हूक, पट्टा, ब्रेक, सगळं तपासलं. रिकामा पट्टा एकदा वर जाऊन आला. पट्ट्यात बसलेल्या साहेबांच्या गळ्यात दोरीला घड्याळ लोंबत होतं.

“ते काढा, साहेब.”

साहेबांनी कुरकुरत ते खिशात टाकलं. “वर!”

चार हात गेले नाहीत तोच साहेबांना कंठ फुटला. “बस, एवढाच वेग?”

तार थांबली.

“थांबलास का रे?”

“आपण बस म्हणालात.”

“अरे, ते बस वेगळं!”

“इथे एकच बस आहे, साहेब. वर म्हणा.”

“वर! यापेक्षा आमच्या कॉलनीची बस—”

तार थांबली. खालची मंडळी पोट धरधरून हसली. त्याला एकट्याला हसू येईना. डोळ्यांपुढे हातमोजेच हातमोजे दिसत होते.

अर्ध्याहून वर गेल्यावर साहेबांनी घड्याळ काढून पुन्हा गळ्यात अडकवलं. थोड्या वेळाने आवाज आला, “नऊ मिनिटं! बस, आता तुझं—”

तार थांबली. साहेबही थांबले. घड्याळाची दोरी मनोऱ्याच्या लोखंडी आकड्यात अडकून ताठ झाली होती आणि साहेबांची मान तिरकी. आणखी वीतभर वर गेले असते, तर पुढचं लिहवतही नाही.

“खाली,” वॉकीटॉकीतून बारीक आवाज आला.

त्याने त्यांना चार बोटं खाली घेतलं. दोरी सैल पडली, तसं साहेब ‘बस’ म्हणाले. घड्याळ खिशात गेलं, खिशाची चेन लागली. जमिनीला पाय टेकेपर्यंत साहेब शहाण्या मुलासारखे त्या तीन शब्दांपलीकडे गेले नाहीत.

“किती मिनिटं झाली, साहेब?” कुणीतरी खवचटपणे विचारलं.

“मोजली नाहीत.” मग मान चोळत ते त्याला म्हणाले, “उद्या वरचा दिवा बदलायचाय. माणूस तूच ने. लागतील तितकी मिनिटं घे.”

घरी तो ताटावर बसला. बायको वाढायला वाकली होती. “काय झालं मग? टिकलं का तुमचं काम?”

“टिकलं.”

“देव पावला! पण कशामुळे हो?”

“बस...” तो सांगू लागला.

आणि बायकोने भाताचा डाव तसाच मागे घेतला.